हलो म्हणजे चला

गुरुवारचा फोन संपत आला होता. समोरचा माणूस म्हणाला, "यू हॅव हॅड अ लाँग डे. लेट्स कॉल इट अ डे." मी म्हटलं, "येस सर, आय अ‍ॅम वेटिंग." तो हसला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नाहीसा झाला. मी वाट बघत बसले.

त्या वाक्यातला 'कॉल' मला कळला होता आणि 'डे' कळला होता. मधली रिकामी जागा मी स्वतःच्या अकलेने भरली. आपल्याकडे संध्याकाळ झाली असली तरी त्याच्याकडे दुपारच आहे, म्हणजे त्याचा दिवस मावळायच्या आत तो परत कॉल करणार. इतकं सोपं. अंबरनाथजवळ मोरिवलीतल्या आमच्या कारखान्याची दिवसपाळी सुटली, पुढच्या पाळीची माणसं आली, लॅबमधल्या मुलींनी पर्स उचलल्या, मी मात्र पडद्यासमोरून हलले नाही. भूक लागली तेव्हा डब्यात उरलेली अर्धी पोळी लोणच्याला लावून खाल्ली, तीही एक डोळा पडद्यावर ठेवून.

घरी निघालेल्या शेठना लॅबचा दिवा दिसला. ते आत आले. "मॅडम, अभी तक? घरी भांडण झालं काय?"

"सरांचा कॉल यायचाय," मी म्हटलं, आणि तो काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं.

शेठ दाराची चौकट धरून हसले. "अरे मॅडम! कॉल इट अ डे मतलब आजचं काम खलास. वो आपको बोला, घर जाओ. और आप बैठ गये!"

शेठ म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक, उल्हासनगरचे सिंधी. मनाने माणूस वाईट नाही. पण हसून झाल्यावर ते स्टुलावर टेकले आणि त्यांचा आवाज बदलला. "बुरा मत मानना. पुढच्या महिन्यापासून कॉलवर माझा भांजा बसेल. त्याचं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे. आप लॅब संभालो, ईमेल संभालो. बोलना उसको करने दो."

मला रडू आलं, पण ते दुःखाने नाही, रागाने. कारण तो कॉल माझा होता.

आम्ही प्लास्टिकला रंग देणारे दाणे बनवतो. पांढऱ्या प्लास्टिकमध्ये मूठभर टाकायचे की बादली लाल होते, झाकण निळं होतं. मी लॅबची प्रमुख. तरुणपणी लागले ती इथेच पन्नाशीला आले. एवढ्या वर्षांत माझ्या रंगांबद्दल मीटिंगांमध्ये कायम दुसरंच कोणीतरी बोललं. मी मागे बसून नमुन्यांच्या चकत्या पुढे सरकवायचे. मग इंग्लंडच्या उत्तरेकडची एक कंपनी आमची गिऱ्हाईक झाली. बागेत पाणी घालायच्या झाऱ्या आणि कुंड्या बनवणारी. त्यांच्याकडच्या या माणसाने पहिल्यांदाच विचारलं, की हा हिरवा बनवतं कोण, मला त्यांच्याशीच बोलायचंय. तेव्हा कॅमेऱ्यासमोर माझ्यासाठी खुर्ची आली. ती खुर्ची आता जाणार होती, आणि तीही मला इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, ऐकू येत नाही म्हणून.

"एक महिना द्या, शेठ," मी म्हटलं.

त्यांनी मान खाजवली. नव्या हिरव्याचा घोर त्यांनाही होताच. गिऱ्हाइकाने जुन्याऐवजी नवा, जरा पिवळसर हिरवा मागितला होता. आम्ही नमुना पाठवून किती तरी दिवस झाले होते आणि होकार काही येत नव्हता. "ठीक है. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत. पण तवर ग्रीनचा फैसला पाहिजे."

ऐकू येत नाही म्हणजे काय, ते सांगते. मी उल्हासनगरच्या मराठी शाळेत शिकले. इंग्रजी पाचवीपासून. बाई फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही वहीत उतरवायचो. कर्मणी प्रयोग, कर्तरी प्रयोग, सगळं पाठ. पुढे बी.एस्सी.ची जाड पुस्तकं मी इंग्रजीतच वाचली. ईमेल तर असा लिहीन की कोणी बोट ठेवू शकणार नाही, असं मला तेव्हा वाटायचं. पण आमच्या वर्गात इंग्रजी कधी कोणी बोललंच नाही. त्या भाषेला तोंड असतं हेच मला फार उशिरा कळलं. आणि हा माणूस बोलायचा तो अर्धे शब्द गिळून, उरलेले एकमेकांना चिकटवून. कळलेल्या शब्दांचाही गुण नाही यायचा. 'कॉल' येत होता, 'डे' येत होता, तरी माझं जे हसं व्हायचं ते झालंच.

घरी आल्यावर मी मोबाइलवर इंग्रजी शिकवणारा एक मनुष्य शोधून काढला. तो रोज दहा वाक्प्रचार शिकवायचा, भाजीवाल्याच्या घाईने. मुसळधार पावसाला मांजरं आणि कुत्री पडतात म्हणायचं, हे मी पाठ केलं आणि दबा धरून बसले. आमचं गिऱ्हाईक राहतं त्या गावात बाराही महिने रिपरिप असते. दर कॉलला तो पावसाबद्दल काही ना काही बोलायचाच. पण मांजरं नाहीत आणि कुत्रीही नाहीत. आणि जे बोलायचा ते त्या दहांत कधीच नसायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

मदत आली ती भलतीकडूनच, ज्याला माझी खुर्ची मिळणार होती त्याच्याकडून. शेठचा भाचा पंचविशीतला, गुणी पोरगा. एकदा लॅबमध्ये येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, सगळे कॉल रेकॉर्ड होतात. तुमच्या मोबाइलमध्ये टाकून देऊ का? सुनते रहो ना, काम करते करते." मी लगेच मोबाइल पुढे केला. गनिमाने दारूगोळा आणून द्यावा तसं झालं.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात तो इंग्रज राहायला आला. आम्ही चिखलोलीला राहतो, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधोमध, नव्या इमारतीत. घर लहान, त्यामुळे बटाटे सोलताना मी लावलेला आवाज बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला ऐकावाच लागायचा. नवरा पालेगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. नोकरीत चारचौघांसारखं बोलतो, पण माझी चेष्टा करायची झाली की गावची बोली काढतो. "काय गो, आज काय बोलतंय आपला पावना?"

एका रेकॉर्डिंगमध्ये हा पावना म्हणत होता, "आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट रिव्हर्ट." आणि त्यावर माझा आवाज, अगदी मायेचा: "डोन्ट बी अफ्रेड, सर. टेक युअर टाइम."

मी हे का बोलले होते ते मला चांगलं आठवत होतं. मी त्याला दर कॉलला, दर ईमेलमध्ये विनवत होते, की 'किंडली रिव्हर्ट ऑन द न्यू ग्रीन'. तो म्हणाला, मला भीती वाटते, उत्तर देता येत नाही. मला वाटलं, याचा वरचा साहेब खडूस असणार. म्हणून धीर दिला. नवरा पेपर बाजूला ठेवून आत आला. "पावना भ्यालेला नाय गो," तो म्हणाला. "आवाज बघ त्याचा. तूच भ्यालीस."

मला राग आला आणि मी त्याला कांदे चिरायला बसवलं. पण त्याचं खरं होतं. त्या आवाजात भीती नव्हती. मग काय होतं? मी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. तेच शब्द, तेवढेच कळणारे. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठ घरी निघाले. रोज निघताना ते कारखान्याच्या आवारात उभे राहून भाच्याला आणि ड्रायव्हरला हाक मारतात, "हलो, हलो!" वर्षानुवर्षं मी ती ऐकते. त्या दिवशी मात्र ती ऐकली आणि मी खिडकीपाशी उभी राहून एकटीच हसले. कारण सिंधीत 'हलो' म्हणजे चला. आणि ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

माझं लहानपण फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या उल्हासनगरच्या एका कॅम्पात गेलं. जुन्या बराकीतल्या खोल्या, मध्ये एकच भिंत, भिंतीपलीकडे एक सिंधी आंटी. ती पापड लाटून विकायची. मी पाच-सहा वर्षांची असेन. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता आणि दुकानदार तो उचलला की ऐटीत 'हॅलो' म्हणायचा, तेव्हा हा इंग्रजी शब्द आहे आणि मोठी माणसं तो बोलतात एवढं मला ठाऊक झालं होतं. एका दुपारी आंटी दारात उभी राहून आपल्या दोन मुलींना म्हणाली, "हलो, हलो!" मला वाटलं, ही इंग्रजी बोलते. मग मी काय कमी? मीही आमच्या दारात उभी राहून छाती काढून म्हटलं, "हलो!"

आंटी हसली आणि तिने आपलं बोट पुढे केलं. मी ते धरलं. ती मला बाजारात घेऊन गेली. दुकानं बघितली, चिक्की खाल्ली आणि मुलींबरोबर उड्या मारत परत आले. इकडे आईने सगळी बराक पालथी घातली होती. पाठीत धपाटा बसला. मी रडत रडत सांगितलं, "मी फक्त हॅलो म्हटलं!" आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी, खात्री करून घ्यायला, पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा बाजार. तेव्हा मला पटलं की हा शब्द म्हटला की जायचं असतं.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मी सिंधी बोलू लागले. आई थक्क व्हायची. शिकवणी नाही, पुस्तक नाही. मी आंटीला एकदाही विचारलं नाही, की अमक्याचा अर्थ काय. ती 'अचु' म्हणाली की तिची मुलगी तिच्याजवळ यायची. 'वेहु' म्हणाली की बसायची. मी शब्दाकडे बघतच नव्हते. शब्दानंतर काय होतं, ते बघत होते.

आणि आता शहाणी झाल्यावर मी काय करत होते? एकेका शब्दाची मान पकडून विचारत होते, बोल, तुझा अर्थ काय. हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की रिक्षात बाजूला बसलेल्या अनोळखी बाईला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तिने मला वेडी म्हटलं असतं, तेही मराठीत.

मी सगळी रेकॉर्डिंगं पहिल्यापासून लावली. आता शब्द कळला नाही तर थांबायचं नाही. फक्त बघायचं, की हे बोलून झाल्यावर तो काय करतो. 'बेअर विथ मी' म्हटलं की कळफलक खडखडायचा आणि मग शांतता. म्हणजे, जरा थांबा. यात अस्वल कुठे नव्हतं. 'फेअर इनफ' म्हटलं की तो आपला मुद्दा सोडून द्यायचा. म्हणजे, बरं बाई, तुझंच खरं. मी आजवर समजत होते की तो काहीतरी गोऱ्या रंगाबद्दल बोलतो. आणि 'आय अ‍ॅम अफ्रेड' म्हटलं की दर वेळी पाठोपाठ नकार यायचा. भीती नव्हतीच. नाही म्हणायच्या आधी माणूस घसा खाकरतो ना, ते होतं. म्हणजे रिव्हर्टच्या बाबतीतही तो मला सरळ नाही म्हणत होता? उत्तर द्यायला नाही? का बरं? ते मात्र उलगडेना.

मग एका रविवारी डाळीचं पीठ कालवत होते. एक जुना कॉल चालू होता, त्यात तो आम्ही पाठवलेल्या कागदपत्रांबद्दल बोलत होता. "द पेपरवर्क वॉज स्पॉट ऑन, थँक यू." आवाज खूश. माझा हात पिठातच थांबला.

हा 'स्पॉट ऑन' मला चांगला माहीत होता. त्याने माझं रक्त आटवलं होतं. नवा हिरवा पहिल्यांदा पाठवला तेव्हा तो म्हणाला होता, 'द न्यू ग्रीन इज स्पॉट ऑन'. आमच्या धंद्यात स्पॉट म्हणजे ठिपका, डाग. रंग नीट मिसळला नाही की प्लास्टिकच्या चकतीवर ठिपके दिसतात, आणि लॅबवाल्याला याहून मोठी शिवी नाही. मी ऐकलं, नव्या हिरव्यावर डाग आहे. कारखान्यात येऊन मशीनवरच्या पोरांना फैलावर घेतलं. अख्खं मशीन उघडून धुऊन घेतलं. भिंग लावून एकेक चकती तपासली आणि दुसरा नमुना पाठवला. त्यावरही तो उत्साहाने म्हणाला, 'स्पॉट ऑन अगेन'. पुन्हा डाग! मला वाटलं, याच्या डोळ्यांतच काहीतरी पडलंय.

पण कागदपत्रांवर डाग कसा असेल? ती तर ईमेलने गेली होती. आणि डाग असता तर तो थँक यू म्हणाला असता? मी ते वाक्य लावत राहिले, पीठ हातावर वाळेपर्यंत. त्यानंतर काय होतं? तो खूश होतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. दर वेळी. 'स्पॉट ऑन' म्हणजे अगदी बरोब्बर.

"अहो!" मी ओरडले. "डाग नव्हताच! त्याला आवडलाय हिरवा!"

नवरा धावत आला, आधी गॅसकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं ऐकून म्हणाला, "मग आवडला तर उत्तर का देत नाय?"

मी हात धुतले आणि पुढचं रेकॉर्डिंग लावलं.

शेवटचा गुरुवार आला. शेठ आणि भाचा माझ्या मागे स्टुलं टाकून बसले. भाच्याने आपले हेडफोन आणले होते, म्हणजे काय समजायचं ते मी समजले. पडद्यावर तो आला, त्याच्या मागे खिडकी आणि खिडकीत त्याचा नेहमीचा पाऊस.

मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. धीर सुटायच्या आत विचारून टाकलं. "सर, न्यू ग्रीन. यू टोल्ड, स्पॉट ऑन. मीन्स व्हेरी गुड?"

"इट्स परफेक्ट," तो म्हणाला. "आय सेड सो वीक्स अगो." मग त्याने चेहरा आवळला आणि भराभर काहीतरी बोलला. मधले शब्द मला सुटले. शेवट ऐकू आला, 'सो व्हाय डू यू कीप आस्किंग अस टू रिव्हर्ट?'

मागे शेठचं स्टूल करकरलं. आजवरची मी असते तर 'येस सर, येस सर' करून मान हलवली असती. न कळलेल्या वाक्याला मान हलवण्यात आम्हा मराठी शाळेवाल्यांचा हात कोणी धरणार नाही. पण तो विचारत होता, तुम्ही रिव्हर्ट करायला का सांगता? उत्तर मागितलं तर माणूस असं विचारेल? मी बोलत होते तो शब्द, आणि त्यानंतर काय होत होतं? दर वेळी मी रिव्हर्ट म्हणायचे आणि दर वेळी याचा चेहरा आवळायचा. मी इतके दिवस त्याचे शब्द तपासत बसले होते. माझा शब्द तपासायचा राहूनच गेला होता.

"सर," मी म्हटलं, "व्हेन आय से रिव्हर्ट, व्हॉट यू डू?"

तो गोंधळला. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "वी गो बॅक. टू द ओल्ड ग्रीन." तुम्ही आम्हाला जुन्या हिरव्याकडे परत जायला सांगताय. आणि आम्ही परत जाऊ शकत नाही. आमच्या नव्या झाऱ्या नव्या रंगात जाहीर झाल्यात.

भाच्याने तोंडावर हात धरला होता. त्यालाही तो शब्द आपल्यासारखाच येत होता. अख्ख्या अंबरनाथमध्ये, उल्हासनगरमध्ये, बँकेत, सोसायटीच्या नोटिशीत, रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. तिकडे रिव्हर्ट म्हणजे मागे फिरा. ज्या ईमेलवर कोणी बोट ठेवू शकणार नाही असं मी म्हणत होते, त्या प्रत्येक ईमेलच्या शेवटी मी त्याला नम्रपणे सांगत होते, की कृपया मागे फिरा.

"सर," मी म्हटलं, "इन इंडिया, रिव्हर्ट मीन्स रिप्लाय. ओन्ली रिप्लाय. आय वॉन्ट ओन्ली युअर आन्सर."

तो असा हसला की त्याचा चष्मा खाली आला. हसता हसताच म्हणाला, की आम्हाला वाटलं तुम्हाला नवा रंग द्यायचाच नाही. आम्ही दुसरीकडे चौकशी करायच्या बेतात होतो. "द आन्सर इज येस," तो म्हणाला. "इट वॉज ऑलवेज येस." हे वाक्य मला पहिल्याच फटक्यात, सगळंच्या सगळं कळलं.

मग तोच बोलता झाला. म्हणाला, मलाही तुमचं पुष्कळ कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. तुम्ही सांगता, मालक आउट ऑफ स्टेशन आहेत. माझ्या डोळ्यांसमोर येतं की तुमचे मालक रेल्वे स्टेशनच्या बाहेर उभे आहेत, दर महिन्याला. तिथे ते काय करतात?

शेठना आधी कळलं नाही. भाच्याने कानात सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मी त्या माणसाला समजावलं, की आउट ऑफ स्टेशन म्हणजे परगावी. आमच्या चिखलोलीला स्टेशन होणार होणार म्हणतात, ते होईपर्यंत खरे स्टेशनबाहेरचे आम्हीच, हेही मला सांगायचं होतं. पण तेवढं इंग्रजी ऐनवेळी सुचलं नाही. सुचेल पुढे कधी.

तो पण इतके दिवस मान हलवत होता. हे ऐकून मला त्याचा एकदम लळाच लागला. मला वाटायचं, भाषेच्या त्या बाजूला सगळं लख्ख आहे आणि अंधार काय तो माझ्याकडे. तसं नव्हतं. तोही माझ्या बोलण्यात चाचपडत होता, आणि लाजत होता.

कॉल संपवताना तो म्हणाला, "राइट. शॅल वी कॉल इट अ डे?"

"येस सर," मी म्हटलं. "आय अ‍ॅम नॉट वेटिंग."

पडदा काळा झाला. मला मागे वळून बघायचं धाडस होईना. एप्रनच्या खिशातला पेन काढला, परत ठेवला. शेठ उठले. शाबासकी द्यायची त्यांना सवय नाही, पगारवाढही ते कुरकुरत देतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं, दारात चावी फिरवत उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे बघितलं आणि म्हणाले, "हलो."

भाचा उठला. त्याने आपलं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं, जाता जाता आपले हेडफोन माझ्या टेबलावर ठेवले आणि हसला. ते तिघं निघून गेले. मला कोणी काही सांगितलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. शब्दानंतर काय झालं, ते मी बघितलं होतं.

पुढच्या गुरुवारी कॅमेऱ्यासमोर एकच खुर्ची होती. मी तिच्यावर बसले, हेडफोन लावले, बटण दाबलं. तो म्हणाला, "हॅलो." मी म्हटलं, "हलो." त्याला यातला फरक कळला नसणार. कळेल हळूहळू, ऐकून ऐकून.